अहवाल आला होता, पण पोहोचला नव्हता

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. गुरुवारी सकाळी दवाखाना उघडताच एक निवृत्त शिक्षक पत्नीसह आत आले. वय ७४. गुरुजींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये, म्हणून ते काही वर्षांपासून रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. न्यूमोनिया झाल्याने ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात आठ दिवस राहून नुकतेच परतले होते. त्या दिवशी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होते आणि दोन्ही हातांवर मोठे काळेनिळे डाग उमटले होते.

मी विचारले, "गुरुजी, सोमवारी रक्त तपासायला दिले होते ना? रिपोर्ट काय आला?"

"आलाच नाही, डॉक्टर. नुसता एक मेसेज आला. त्यात निळ्या अक्षरांची लिंक होती. ती मी उघडली नाही. बँकेचे साहेब सांगतात, तुम्हीही सांगता की अनोळखी लिंक उघडू नये. मंगळवारी कुठल्या तरी नव्या नंबरवरून दोनदा फोन आला, तोही मी उचलला नाही."

त्यांच्याच मोबाइलवर मी ती लिंक उघडली. रक्त किती पातळ झाले आहे हे दाखवणारा आयएनआर हा आकडा त्यांच्या आजारात साधारण २ ते ३ च्या दरम्यान असावा लागतो. तो ६.४ होता. प्रतिजैविक औषधे आणि मंदावलेली भूक या दोन्हींमुळे या गोळीचा परिणाम वाढतो. नेमके तेच झाले होते. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवले. तेथे गोळी थांबवून जीवनसत्त्व 'के' देण्यात आले आणि चार दिवसांत आकडा खाली आला. मेंदूत रक्तस्राव झाला नाही, हे आपले सर्वांचे भाग्य.

या घटनेत दोष कोणाचा? रुग्णालयाने अहवाल पाठवला होता, धोक्याचा आकडा पाहून फोनही केला होता. गुरुजींनी आम्हीच शिकवलेली सावधगिरी पाळली होती. आणि मी? बुधवारी संध्याकाळी ते पत्नीचा रक्तदाब दाखवायला माझ्याकडेच आले होते. मी "कसे आहात?" एवढेच विचारले, सोमवारच्या तपासणीविषयी विचारले नाही. अहवाल सोमवारी रात्रीपासून गुरुजींच्या खिशात होता, आणि तो कोणीही वाचला नव्हता.

त्या दिवसापासून ज्येष्ठ रुग्णांना मी एक प्रश्न नेमाने विचारू लागलो: रुग्णालयाने मोबाइलवर दिलेली सोय तुम्ही वापरता का, आणि नसाल वापरत तर का नाही? त्यांच्या उत्तरांतून जे उमगले, आणि या विषयावर जगभर जो अभ्यास झाला आहे त्याच्याशी ते कसे जुळते, हे आज आपल्यापुढे मांडतो.

आधी उपयोग, मग सोपेपणा

डिजिटल आरोग्यसेवा म्हटले की काही तरी मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती आपल्या घरात आधीच आलेली आहे. मोबाइलवरून नंबर लावणे, तपासणीचा अहवाल लिंकद्वारे मिळणे, डिस्चार्ज कार्डाची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर येणे, फेरतपासणीची आठवण करून देणारा संदेश, डॉक्टरांशी व्हिडिओवरून बोलणे, शासनाची मोफत ई-संजीवनी सेवा, आभा क्रमांक, हे सारे त्यात मोडते.

नवे तंत्र माणसे का स्वीकारतात, याचा एक सोपा सिद्धान्त अमेरिकी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडला. त्यांच्या मते दोन गोष्टी निर्णायक ठरतात: हे माझ्या उपयोगाचे आहे असे वाटणे, आणि हे मला सहज जमेल असे वाटणे. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (डेव्हिसही त्यांत होते) अशा अनेक सिद्धान्तांची एकत्र मांडणी केली. तीत चार घटक मुख्य मानले आहेत: अपेक्षित लाभ, अपेक्षित कष्ट, आपल्या माणसांचे मत आणि हाताशी असलेली मदत व साधने. वय, स्त्री-पुरुष भेद आणि पूर्वानुभव यांनुसार या घटकांचे वजन कमी-जास्त होते, हेही त्यांनी दाखवले.

हा सिद्धान्त आपल्या घरात ताडून पाहा. "आजींना मोबाइल जमत नाही" असे सांगणाऱ्या घरातल्याच आजी परदेशातील नातवाचा व्हिडिओ कॉल बरोबर घेतात, कीर्तनाचे व्हिडिओ शोधून पाहतात. बोटे तीच, डोळे तेच. फरक इतकाच की नातवाचा चेहरा दिसणे हा लाभ त्यांना ठाऊक आहे. रुग्णालयाच्या अ‍ॅपचा लाभ त्यांना कोणी सांगितलेलाच नाही. म्हणून शिकवताना "हे बटण दाबा" येथून सुरुवात करू नये. "रिपोर्ट आणायला एसटीने चाळीस किलोमीटर जाण्याची गरज उरणार नाही" येथून करावी.

शरीराच्या अडचणी खऱ्या असतात

ज्येष्ठ माणूस मोबाइल टाळतो तेव्हा तो हट्टी आहे असे घरचे समजतात. पुष्कळदा कारण शरीरात असते.

डोळ्यांचे घ्या. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळसर पडते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे तरुणाला देखणी वाटतात; ज्येष्ठाला ती दिसतच नाहीत. मोतीबिंदू असेल तर पडद्याची चमक त्रास देते. उपाय आधी डोळ्यांचा करावा, मग मोबाइलचा: वर्षातून एकदा नेत्रतपासणी, वाचण्याचा योग्य चष्मा, आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार मोठा व ठसठशीत करणे.

बोटांचेही तसेच. मोबाइलचा पडदा त्वचेतील सूक्ष्म विद्युत्-गुणावर चालतो. वयाने कोरडी पडलेली किंवा शेतात राबून घट्टे पडलेली बोटे त्याला नीट 'कळत' नाहीत. मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंद झाली असेल तर किती जोराने दाबले हे उमगत नाही. हात थरथरत असेल तर एकाऐवजी दोनदा स्पर्श होतो, बोट रेंगाळले तर भलतीच यादी उघडते, आणि माणूस म्हणतो, "माझ्याकडून बिघडला बहुतेक." बोटाला किंचित ओलावा किंवा मलम लावणे, पंचवीस-पन्नास रुपयांची रबरी टोकाची लेखणी वापरणे, सेटिंगमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात स्पर्शाचा अवधी वाढवणे, या साध्या उपायांनी पुष्कळ फरक पडतो. हातांची थरथर नव्याने सुरू झाली असेल, तर ती मोबाइलची अडचण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

कानांचा भाग तर विसरलाच जातो. वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येणे कमी होते. त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. "मराठीसाठी एक दाबा" असे भराभर बोलणारे यंत्र अशा माणसाला निरुपयोगी ठरते. उलट व्हिडिओवर डॉक्टरांचे ओठ दिसतात आणि समजायला मदत होते. म्हणून कमी ऐकू येणाऱ्यांनी साध्या फोनपेक्षा व्हिडिओने बोलणे पसंत करावे.

डिस्चार्जची घाई आणि थकलेला मेंदू

रुग्णालयातून घरी निघालेल्या ज्येष्ठाची एक वेगळी अडचण आहे. येल विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. रुग्णालयात झोपमोड होते, अन्न कमी जाते, वेदना व नवी औषधे असतात, दिनक्रम मोडतो. त्यामुळे मूळ आजार बरा झाला तरी घरी गेल्यानंतरचे काही आठवडे माणूस शरीराने व बुद्धीने नाजूक अवस्थेत असतो. या अवस्थेला त्यांनी 'रुग्णालयोत्तर लक्षणसमूह' अशा अर्थाचे नाव दिले.

आता आपली पद्धत आठवा. बिल भरायची गडबड आहे, गाडी दारात उभी आहे, सलाइनची सुई नुकतीच निघाली आहे, आणि काउंटरवरील तरुण सांगतो, "आजोबा, अ‍ॅप डाउनलोड करा, ओटीपी येईल, तो टाका, मग पासवर्ड तयार करा." आजोबा मान डोलावतात. ती मान "समजले" म्हणून हललेली नसते. "आता घरी जाऊ द्या" म्हणून हललेली असते.

यासाठी तीन गोष्टी करता येतात. एक, शिकवण्याचे काम डिस्चार्जच्या दिवशी करू नये. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर दाखल होण्याआधी, नाहीतर घरी जाऊन झोप-भूक सावरल्यावर करावे. दोन, सोबत एक नातेवाईक असावा. तीन, सांगून झाल्यावर "समजले का?" असे न विचारता "आता तुम्ही मला करून दाखवता का?" असे म्हणावे. आम्ही डॉक्टर इन्सुलिनची सुई शिकवताना हेच करतो. मोबाइलला वेगळा नियम कशाला?

भाषा कोणाची, मोबाइल कोणाचा?

गुरुजींना आलेला संदेश इंग्रजीत होता. त्यात रुग्णालयाचे नाव आखूड अक्षरांत होते, तपासणीचे नाव नव्हते, डॉक्टरांचे नाव नव्हते. चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला तो परका वाटला, यात नवल नाही. "आपल्या रक्ततपासणीचा अहवाल तयार आहे, डॉक्टर अमुक यांनी सांगितलेली तपासणी" असे एक मराठी वाक्य त्यात असते, तर कदाचित ही गोष्ट घडली नसती.

दुसरा प्रश्न मोबाइलच्या मालकीचा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी ज्येष्ठ स्त्रियांच्या केसपेपरवर मुलाचा नंबर असतो. आई गावी, मुलगा पुण्यात. आई नोंदणीच्या रांगेत उभी आणि ओटीपी मुलाच्या मोबाइलवर, तो बैठकीत. काही मिनिटांत ओटीपीची मुदत संपते आणि आई रांगेच्या शेवटी जाते. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याकडे असल्याचे सांगितले. ही सुनांची आणि लेकींची स्थिती. सासूबाईंची काय असेल, याची कल्पना आपण करू शकता.

सोय आखणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले की फरक पडतो. कोविडच्या लसीकरणात १ मार्च २०२१ पासून साठीवरील नागरिकांची नोंद सुरू झाली, तेव्हा कोविन पोर्टलवर एका मोबाइल क्रमांकावरून चार जणांची नोंद करता येत होती आणि थेट केंद्रावर जाऊनही नोंद होत होती. एक मोबाइल अनेक जण वापरतात हे वास्तव तिथे गृहीत धरले होते. तरीही कोणाची तरी नात, कोणाच्या तरी शेजारचा मुलगा, गावातील आशाताई यांनी शेजारी बसून नोंद केली, म्हणून कित्येक आजी-आजोबांना वेळेवर लस मिळाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

याच कारणाने ई-संजीवनीचा एक प्रकार ज्येष्ठांना विशेष सोयीचा आहे. घरून स्वतःच्या मोबाइलने डॉक्टरांशी बोलता येते, तसेच गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरात जाऊनही बोलता येते. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी समोर बसतात, रक्तदाब मोजतात, जोडणी करून देतात आणि दूरच्या डॉक्टरांना लक्षणे सांगायला मदत करतात. यंत्र आहे, पण माणूसही शेजारी आहे. ज्यांना मोबाइल नको वाटतो त्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

भीती खोटी नाही

माझ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर होते: "पैसे जातील म्हणून." ही भीती अडाणीपणाची नव्हे. खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर धमकावणारे, वीज तोडण्याचा संदेश पाठवणारे, बँकेचे केवायसी विचारणारे भामटे ज्येष्ठांनाच हेरतात. त्यामुळे "घाबरू नका हो" एवढे म्हणून चालत नाही. खरे आणि खोटे ओळखण्याची रीत द्यावी लागते. ती अशी:

अहवाल पाहण्यासाठी बँक खात्याचा तपशील, कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो मागितला की तो संदेश खोटा समजावा.

संदेशातील लिंकवरून कोणतेही नवे अ‍ॅप मोबाइलवर घेऊ नये. आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप तर मुळीच नको.

रक्त देतानाच प्रयोगशाळेत विचारून कागदावर लिहून घ्यावे: अहवाल कधी येणार, कोणत्या नावाने संदेश येणार, फोन आला तर कोणत्या क्रमांकावरून येणार. तो क्रमांक तिथल्या तिथे मोबाइलमध्ये नावासह नोंदवावा. मग तो अनोळखी राहत नाही.

सांगितलेल्या वेळेपर्यंत अहवाल हाती आला नाही, तर "काही असते तर कळवले असते" असे मानू नये. आपणच फोन करावा किंवा माणूस पाठवावा.

फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. घरच्यांनी अशा वेळी रागावू नये. रागाच्या भीतीनेच ज्येष्ठ माणसे गोष्ट लपवतात आणि वेळ निघून जातो.

आभा आणि वय वंदना यांत गल्लत नको

दवाखान्यात रोज दिसणारा एक घोटाळा येथे दूर करतो. आभा हा १४ आकडी आरोग्य खाते क्रमांक आहे. तो मोफत आणि ऐच्छिक आहे. त्याने निरनिराळ्या रुग्णालयांतील आपल्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात आणि आपल्या संमतीनेच डॉक्टरांना दाखवता येतात. त्याने उपचारांचा खर्च मिळत नाही.

आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे. ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांसाठी, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली. तीत योजनेशी संलग्न रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. घरात आजी आणि आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. "आभा काढले आहे, म्हणजे ऑपरेशन फुकट होईल" अशा समजुतीने कोणी ऐन वेळी अडचणीत येऊ नये, म्हणून हे सांगितले.

मुलांनो, हातातून मोबाइल काढून घेऊ नका

आता काळजी घेणाऱ्यांशी थोडे. आपल्या माणसांचे मत हा या विषयातील फार मोठा घटक आहे. मुलगा "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचे" म्हणतो तेव्हा काम पाच मिनिटांत होते, पण वडील पुढच्या वेळी प्रयत्नच करत नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ पासून मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो: 'मला हे जमेल' हा विश्वास मुख्यत्वे स्वतः करून पाहिलेल्या छोट्या यशातून येतो. म्हणून आपण शेजारी बसावे, बोट त्यांचे असावे. एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्याव्यात, कारण तुम्ही गेल्यावर वहीच सोबत राहते.

दुसरी गोष्ट खाजगीपणाची. आईचे अहवाल मुलाच्या मोबाइलवर येतात आणि घरातील सर्वांना तिच्याआधी कळतात, हे बरे नव्हे. गर्भाशयाचा त्रास, लघवीवरचा ताबा सुटणे, स्मरणशक्तीची शंका या गोष्टी तिला प्रथम कळायला हव्यात. कोणाला सांगायचे हे ती ठरवील. २५ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार काळजीवाहक रुग्णाच्या वतीने डॉक्टरांशी बोलू शकतो. पण रुग्ण सोबत नसेल तर त्याने तसा अधिकार दिलेला असणे अपेक्षित आहे. त्याच सूचनांनुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर देणे बंधनकारक आहे. व्हिडिओवरून मिळालेल्या चिठ्ठीवर तो आहे का, हे अवश्य पाहा.

जिथे पडदा पुरत नाही

मोबाइल हा प्रत्यक्ष तपासणीला पूरक आहे, पर्याय नाही. जुन्या रक्तदाबाची फेरतपासणी, अहवाल दाखवणे, औषधाच्या मात्रेविषयी शंका, पथ्याचा सल्ला यांसाठी व्हिडिओ पुरेसा होतो. पण छातीत दुखणे किंवा जड वाटणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक भ्रमिष्टासारखे वागणे, पडून डोक्याला मार लागणे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कोठूनही रक्त येणे, यांपैकी काही झाले तर व्हिडिओची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.

आणि ज्यांना हे सारे नकोच आहे, त्यांचाही मान राखला पाहिजे. ८५ वर्षांच्या आजोबांनी "मला कागदच द्या" म्हटले, तर त्यांना कागद मिळाला पाहिजे. रुग्णालयांनी एक काउंटर माणसाचा ठेवावा, संदेश मराठीत पाठवावेत, धोक्याचा आकडा आल्यास रुग्णाने फोन उचलला नाही तर दुसऱ्या नातेवाइकाला आणि कुटुंबाच्या डॉक्टरला कळवावे. माझ्यासारख्या डॉक्टरांनी फेरभेटीत पहिला प्रश्न राहिलेल्या अहवालाचा विचारावा. सारा भार ज्येष्ठांच्या बोटांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

या पंधरवड्यात एवढे करा

पहिल्या दोन-तीन दिवसांत मोबाइलची अक्षरे मोठी करून घ्या आणि भाषा मराठी करा. आपले डॉक्टर, प्रयोगशाळा, रुग्णालय, १०८, १९३० आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे क्रमांक नावासह नोंदवा.

मग आपल्या सर्व केसपेपरवर कोणता मोबाइल क्रमांक आहे ते तपासा. बंद पडलेला किंवा परगावच्या मुलाचा असेल तर पुढच्या भेटीत बदलून घ्या आणि दुसऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांकही लिहायला सांगा.

त्यानंतर एक जुना अहवाल कोणाच्या तरी सोबतीने स्वतः उघडून पाहा. तो पुन्हा बंद करा आणि दुसऱ्या दिवशी एकट्याने उघडा.

शेवटी डिस्चार्ज कार्ड व चालू औषधांच्या यादीचा स्पष्ट फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागदांची फाइल मात्र जपून ठेवा. मोबाइलचे चार्जिंग संपते, फाइलचे संपत नाही.

गुरुजी आता बरे आहेत. दर महिन्याला रक्त देतात. प्रयोगशाळेचा क्रमांक त्यांनी 'रक्त' या नावाने नोंदवला आहे. त्यांच्या वहीत तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा असे तीन रकाने सुबक अक्षरांत आखलेले आहेत. परवा अहवाल आल्यावर त्यांनीच मला फोन केला. "डॉक्टर, २.४ आला. मी स्वतः उघडला." मी म्हणालो, "छान, गुरुजी. हीच मात्रा चालू ठेवा." त्यावर ते म्हणाले, "आणि तुम्हाला विचारायची आठवण राहावी म्हणून तुमच्या कंपाउंडरकडेही तारीख लिहून ठेवली आहे."

तेही योग्यच केले त्यांनी.